हरलेल्यांचे वाद्य, जिंकणाऱ्यांचे पथक

१३ नोव्हेंबर १९६३. व्हाइट हाउसच्या दक्षिणेकडची हिरवळ. ब्रिटिश सैन्यातील ब्लॅक वॉच ही स्कॉटिश रेजिमेंट त्या वेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. शहराशहरांत तिकीट लावून तिच्या पाइप बँडचे कार्यक्रम चालू होते. त्याच दौऱ्यात राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या निवासस्थानी सुमारे १७०० मुलांसमोर हा बँड वाजला. केनेडी कुटुंबाने सज्जातून कार्यक्रम पाहिला. स्वागताच्या छोट्याशा भाषणात केनेडी म्हणाले, की आपल्यापैकी काही जणांना हरलेल्या बाजूची ओढ असते, आणि स्कॉटलंड ही तशीच एक हरलेली बाजू. त्यानंतर बारा दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, याच रेजिमेंटचे नऊ पाइपवादक केनेडींच्या अंत्ययात्रेत चालत होते.

प्रसंग हेलावून टाकणारा आहे, त्याबद्दल वाद नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. 'हरलेली बाजू' हे शब्द नेमके कोणासमोर उच्चारले गेले? ब्लॅक वॉच म्हणजे काळा पहारा. १७२५ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखावर, म्हणजे हायलँडवर, नजर ठेवण्यासाठी सरकारने तिथल्याच राजनिष्ठ घराण्यांतून काही तुकड्या उभ्या केल्या. १७३९ मध्ये त्यांची रेजिमेंट झाली. हरलेल्यांवर पहारा करण्यासाठी हरलेल्यांतूनच भरलेले हे पथक. दोनशे वर्षांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष त्या पहारेकऱ्यालाच हरलेल्यांचा प्रतिनिधी समजून सलाम करतो. यात केनेडींची चूक काढण्यात अर्थ नाही. असे कार्यक्रम बांधलेच त्या पद्धतीने जातात.

आधी एक कबुली. हे संगीत आम्हाला आवडते. तिकीट काढून असा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहण्याचा योग आमच्या वाट्याला आलेला नाही. आमचे पाहणे मोबाइलच्या पडद्यावरचे. पण पाइप्सचा तो आवाज आपल्याला परका नाही. भारतीय सैन्याच्या संचलनात पाइप बँड असतात, आणि ते इंग्रजी अमदानीतल्या याच परंपरेतून आलेले आहेत. शाळेच्या वयात २६ जानेवारीला टीव्हीवर तो सूर ऐकून आमच्याही अंगावर काटा आला आहे. म्हणूनच त्याचा हिशेब करावासा वाटतो.

कार्यक्रमाचा साचा बहुधा ठरलेला असतो. दिवे मालवतात. कुठल्यातरी कोपऱ्यात एकच पाइपवादक उजेडात येतो. पिशवीत हवा भरली की आधी तीन लांब नळ्यांचा अखंड घुमणारा सूर लागतो आणि त्यावर बोटांच्या नळीची धून चढते. या वाद्यात फक्त नऊ स्वर. आवाज हळू करता येत नाही, मोठा करता येत नाही, आणि मध्ये थांबताही येत नाही. दोन सारखे स्वर वेगळे ऐकू यावेत म्हणून मध्ये अतिसूक्ष्म स्वरांची टिचकी मारावी लागते. थांबताच न येणारे हे वाद्य उघड्या मैदानावर मैलभर ऐकू जाते. सैन्याला ते का हवे होते, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. मग ढोल येतात, रांगा येतात, किल्ट आणि पिसांच्या टोप्या येतात, जमिनीवर ठेवलेल्या तलवारींभोवतीचा नाच होतो, निवेदक रेजिमेंटच्या लढायांची नावे वाचतो आणि शेवटी सगळे सभागृह एकमेकांचे हात धरून निरोपाचे गाणे गाते.

अमेरिकेत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर रुजवणाऱ्यांत सोल ह्युरॉक हा निर्माता होता. १९५५ मध्ये त्याने स्कॉट्स गार्ड्सला आणले, १९५७ मध्ये ब्लॅक वॉचला. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, थोर कृष्णवर्णीय गायिका मरियन अँडरसन यांचे कार्यक्रमही हाच ह्युरॉक करीत असे. १९३९ मध्ये वॉशिंग्टनमधील एका गोऱ्या महिला संघटनेने कातडीच्या रंगावरून त्यांना आपले सभागृह नाकारले, तेव्हा त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५ हजार लोकांसमोर गायल्या. किल्टमधल्या सैनिकांना मात्र कोणत्याही सभागृहाचे दार कधी बंद झाले नाही. गोऱ्यांच्या पराभवाला तिकीट विक्री होते, काळ्यांच्या पराभवाला पायऱ्या मिळतात.

आता त्या लढायांच्या यादीच्या मागे जाऊ.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर हायलँडच्या जमातींचे बंडखोर सैन्य तासाभराच्या आत मोडले. बंड पदच्युत राजघराण्यासाठी होते. ते काही गरिबांचे राज्य आणण्यासाठी नव्हते, हे विसरून चालणार नाही. पण सूड मात्र संपूर्ण मुलखावर उगवला गेला. जेम्स रीड नावाच्या बंडखोर पाइपवादकाने आपण शस्त्र उचललेच नव्हते असा बचाव केला. न्यायालयाने ठरवले की पाइप हेच युद्धाचे साधन, आणि त्याला यॉर्क येथे फाशी दिले. पाठोपाठ शस्त्रबंदीचा कायदा आला. त्यानुसार १७४७ पासून पुरुषांना हायलँडचा पोशाख घालणे गुन्हा ठरला. ही बंदी १७८२ पर्यंत चालली. पाइप्सवरही कायद्याने बंदी होती असे सर्रास सांगितले जाते, पण कायद्याच्या मजकुरात पाइप्सचे नाव नाही. त्याची गरजही नव्हती. ज्या सरदारांच्या आश्रयाने पाइपवादकांची घराणी जगत होती ते सरदारच आता लंडनकडे तोंड करून बसले होते. स्काय बेटावरील मॅक्रिमन घराण्याकडे मॅक्लाउड सरदारांच्या चाकरीपोटी पिढ्यानपिढ्या जमीन होती. सेवेच्या बदल्यात जमीन म्हटले की आपल्या वाचकांना वतन आठवेल. फरक एवढाच, आणि तो छोटा नाही: मॅक्रिमनच्या वतनात मान होता, महारवतनात विटाळ होता.

या पोशाखबंदीत एक पळवाट होती. किल्ट घालायचा असेल तर राजाच्या सैन्यात जा. स्वतःच्या गावात स्वतःचे कपडे घातले तर तुरुंग, पण राजाच्या शत्रूवर चाल करताना तेच कपडे गणवेश! पस्तीस वर्षे, म्हणजे एक अख्खी पिढी, हायलँडचा पोशाख उघडपणे दिसला तो मुख्यतः सैनिकाच्या अंगावर. एखाद्या समाजाची ओळख जप्त करून तीच त्याला नोकरीच्या अटीवर परत देणे, हे तंत्र आपण नीट समजून घ्यायला हवे. १९८३ मध्ये निघालेल्या 'परंपरेचा शोध' या अर्थाच्या गाजलेल्या इंग्रजी ग्रंथात ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने हायलँडची परंपरा उशिरा घडवलेली असल्याचे मांडले. समाजशास्त्राच्या वर्गात ते आम्ही मोठ्या आवडीने वाचले होते. आज वाटते, त्याची थट्टा थोडी जास्तच झाली. वाद्य खोटे नव्हते. वाद्याचा मालक बदलला होता.

ब्लॅक वॉचच्या सैनिकांनाही हा व्यवहार सुरुवातीला पटला नव्हता. १७४३ मध्ये त्यांना लंडनला नेले, तेव्हा आपल्याला फसवून वेस्ट इंडीजला धाडणार अशी वार्ता पसरली. शंभरावर सैनिक रात्रीतून उत्तरेकडे, घराच्या वाटेला निघाले. पकडले गेले. तिघांना टॉवर ऑफ लंडनमध्ये सोबत्यांसमोर गोळ्या घातल्या. निवेदक वाचतो त्या यादीत हे तिघे नसतात.

१७९२ हे वर्ष तर हायलँडच्या लोकस्मृतीत 'मेंढ्यांचे वर्ष' म्हणूनच ओळखले जाते. जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या किफायतशीर वाटू लागल्या होत्या. रॉसशायरच्या कुळांनी एकत्र येऊन हजारो मेंढ्या मुलखाबाहेर हाकलायला सुरुवात केली. त्यांना दडपायला कोण आले? ब्लॅक वॉचच्या तुकड्या. पुढच्याच वर्षी त्याच परिसरातून ७८ वी हायलँडर्स ही नवी रेजिमेंट भरती झाली. सदरलँडमध्ये याच क्रमाने घडले. १७९९-१८०० मध्ये तिथे ९३ वी हायलँडर्स उभी राहिली. मुलगे सैन्यात गेले आणि १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील त्यांच्या आईबापांची छपरे जमीनदारिणीच्या कारभाऱ्याने जाळली. त्या पॅट्रिक सेलरवर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. खोऱ्यात मेंढ्या आल्या.

हे विस्थापन ऐन भरात असतानाच, १८२२ मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने त्याच्या स्वागताचा सगळा थाट टार्टनमध्ये बसवला. जाडजूड राजाने गुलाबी घट्ट विजारीवर किल्ट चढवला. ज्या पोशाखाबद्दल आजोबा तुरुंगात गेले तो नातवाला घरातून हाकलले जात असताना राजाचा दरबारी पोशाख झाला. आजच्या पाइप बँडच्या कार्यक्रमाचे बीज आम्हाला या सोहळ्यात दिसते. माणसे नकोत, त्यांचे रंग हवेत.

क्रिमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये, हीच ९३ वी रेजिमेंट बालाक्लाव्हाला रशियन घोडदळासमोर उभी राहिली आणि तिचे नाव सगळ्या ब्रिटनमध्ये झाले. त्या सुमारास सदरलँडमध्ये पुन्हा भरती सुरू झाली, तेव्हा तरुणांनी जमीनदाराला बजावले की आमच्याऐवजी तुमच्या मेंढ्या लढायला पाठवा. भरतीच्या सभेत लोक मेंढ्यांसारखे ओरडले, असेही सांगितले जाते. त्याच मोहिमेत ९३ व्या रेजिमेंटचा पाइप मेजर जॉन मॅक्लाउड याने मित्रसैन्यातील सार्डिनियन बँडची एक धून ऐकली आणि ती पाइप्सवर बसवली. 'टायरॉलच्या हिरव्या टेकड्या' या नावाने ती आज प्रत्येक स्कॉटिश बँड वाजवतो. मूळ धून इटालियन संगीतकार रोसिनीच्या ऑपेरातली! परदेशातला प्रेक्षक जिला मातीचा सूर समजून डोळे पुसतो तिचे हे मूळ. संगीत असेच प्रवास करते, आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही. शुद्धतेचा गर्व करणाऱ्यांनी मात्र ते लक्षात ठेवावे.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या मराठवाड्यात येतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीच्या सैन्याची शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँड रेजिमेंट होत्या. ७४ वी असई गावाजवळ तोफांच्या तोंडी सापडली आणि तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. पुढे तिच्यातून बनलेल्या हायलँड लाइट इन्फंट्री या ग्लासगोच्या रेजिमेंटने टोपीच्या बिल्ल्यावर हत्ती आणि 'असई' हे नाव मिरवले. मेंढ्यांसाठी हाकलले जाणारे लोक इथे येऊन आमच्या मुलखातल्या माणसांवर संगीन चालवतात, आणि आमच्या एका खेड्याचे नाव त्यांच्या कपाळावर चढते.

बाबासाहेबांनी दिलेली 'श्रेणीबद्ध विषमता' ही कल्पना आपण जातिव्यवस्थेपुरती वापरतो. जात ही जन्माने चिकटते आणि धर्म तिला पवित्र ठरवतो, तसे हायलँडचे नव्हते, हे आधी स्पष्ट करतो. दोन्ही एकच म्हणणे हा आपल्या इतिहासाचा अपमान होईल. पण पिडलेल्याला त्याच्याखालची एक पायरी दाखवून गप्प बसवण्याची जी यंत्रणा बाबासाहेबांनी उघडी केली ती साम्राज्याच्या सैन्यातही चालत होती. हायलँडर लंडनच्या नजरेत रानटी होता. भारतात, आफ्रिकेत तो गोरा झाला. कॅनडातही तेच. १८१३ मध्ये सदरलँडच्या किल्डोनन खोऱ्यातून निघालेली कुटुंबे रेड नदीच्या काठी वसली. ती जमीनही कोणाची तरी होतीच.

नोवा स्कोशिया, कॅरोलायना, ओंटारिओ या भागांत पाइप बँडच्या कार्यक्रमाला तिकीट काढून बसणाऱ्यांत अशा विस्थापितांचे वंशज मोठ्या संख्येने असतात. पणजोबांच्या नावाचा टार्टन मफलर गळ्यात असतो. पणजोबांना घराबाहेर काढणाऱ्या व्यवस्थेची रेजिमेंट समोर असते. आणि डोळ्यांत पाणी असते. त्यांच्या अश्रूंना आम्ही खोटे म्हणणार नाही. त्या अश्रूंचा पत्ता चुकला आहे, एवढेच म्हणतो.

'अमेझिंग ग्रेस'चे उदाहरण यातले सर्वांत बोलके. १९७२ मध्ये रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सच्या पाइप बँडची ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. तेव्हापासून या भजनाशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. भजन लिहिणारा जॉन न्यूटन हा गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. १७४८ च्या वादळात त्याला देव आठवला, असे तो सांगे. पण देव आठवल्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांची वाहतूक करीतच राहिला. गुलामीच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली ती थेट १७८८ मध्ये. त्या जहाजांच्या तळाशी बांधलेल्यांच्या वंशजांनी पुढे हेच भजन आपल्या चर्चमध्ये आपल्या अर्थाने गायले, ही त्यांची ताकद. पाइप्सवर मात्र शब्द नसतात. शब्द गेले की कप्तान आणि कैदी एकाच सुरात विरघळून जातात, आणि सभागृहातल्या कोणालाच अवघडल्यासारखे वाटत नाही.

या कार्यक्रमांत १८८२ चा एप्रिल कधी वाजत नाही. स्काय बेटावरील ब्रेझ येथे कुरणाच्या हक्कासाठी कुळांनी खंड थांबवला. ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलिस आणावे लागले, आणि बायकांनी त्यांना दगडांनी गाठले. पुढे नेपियर आयोग बसला आणि १८८६ च्या कायद्याने कुळांना जमिनीवरून हाकलण्यापासून संरक्षण मिळाले. बालाक्लाव्हाच्या शौर्याने जे मिळाले नाही ते ब्रेझच्या दगडांनी मिळवून दिले. या लढ्याचीही गाणी होती. मेरी मोर ही बाई गेलिक भाषेत ती रचत आणि गात असे. आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशाने जे केले त्या जातीचे ते काम. तिची गाणी घेऊन कोणतीही रेजिमेंट दौऱ्यावर निघालेली नाही.

हे सगळे सांगताना आम्हाला १ जानेवारी दिसत असतो. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. त्यावरील ४९ नावांपैकी २२ नावे 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे आपल्या पूर्वजांची. ज्या सैन्याने ही नावे कोरली त्याच सैन्याने १८९२ मध्ये महारांची भरती बंद केली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज करून ती दारे पुन्हा उघडण्याची मागणी केली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, आणि तीन महिन्यांच्या आत महाडला चवदार तळ्यावर. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत, तेही इंग्रज सरकारसमोर, ते उभे राहिले आणि विचारले: तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, तुम्ही तो हक्क दिला का? देवळात जाता येत नव्हते, आता येते का? पोलिसात घेत नव्हते, तुम्ही घेता का? सैन्यात जाता येत नव्हते, आता ती वाट उघडी आहे का?

जिंकणाऱ्याच्या स्मारकाकडे जाण्याच्या या दोन रीती. एकीत हिशेब मागितला जातो, दुसरीत तिकीट काढले जाते. आपण कुठल्या रीतीने जातो, हा प्रश्न आमच्यासकट सर्वांना आहे. कोरेगावला पुस्तकांचे स्टॉल असतात, म्हाताऱ्या आया पोरांना नावे वाचून दाखवतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण गेल्या काही वर्षांत सैनिकी गणवेशाचे, तलवारींचे, 'आम्ही लढवय्ये' असे ओरडणारे फलकही वाढले आहेत. त्यात १८९२ कुठेच नसतो. 'लढवय्या जात' हा शिक्का इंग्रजांनी बनवला, आणि ज्या दिवशी त्यांना वाटले त्या दिवशी आपल्या कपाळावरून पुसूनही टाकला. तो परत मागण्यासाठी बाबासाहेब कोरेगावला गेले नव्हते.

ब्लॅक वॉचच्या नावाने आणखी एक प्रयोग दौऱ्यावर निघाला, त्याचीही नोंद करायला हवी. २००४ मध्ये ही रेजिमेंट इराकमध्ये होती, आणि तिला मोडून मोठ्या रेजिमेंटमध्ये विलीन करण्याचा निर्णय त्याच काळात लंडनमध्ये झाला. २००६ मध्ये ते विलीनीकरण पूर्ण झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडिंबरोच्या एका जुन्या कवायतीच्या हॉलमध्ये ग्रेगरी बर्क यांचे 'ब्लॅक वॉच' हे नाटक उभे राहिले. इराकहून परतलेल्या सैनिकांशी बोलून त्यांनी ते लिहिले होते. २००७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. त्या नाटकातही पाइप्स आहेत, संचलन आहे, रेजिमेंटचा इतिहास आहे. पण तिथे सैनिक शिव्या देतात, घाबरतात, आणि आपण तिथे कशासाठी होतो असे विचारतात. पन्नास वर्षांपूर्वी त्याच शहरात तीच रेजिमेंट पाहायला लोकांनी तिकीट काढले होते. या वेळी पडदा नव्हता. प्रेक्षक दोन्ही बाजूंना समोरासमोर बसले होते, आणि मधल्या पट्ट्यात ती पोरे कोलमडत, एकमेकांना सावरत पुन्हा पुन्हा रांग धरत होती.